मोटेचा हत्ती

बहात्तरच्या दुष्काळात मी वडिलांच्या मोटेचा हत्ती केला.

मी तेव्हा काष्टीला शाळेत चित्रकला शिकवायचो. हेडमास्तरांनी फर्मावलं, की बाजारतळावर भंगारातून एक शिल्प उभं करा, बघून लोकांनी पाणी जपलं पाहिजे. (लोक एका घागरीसाठी मैलभर चालत होते. त्यांनी आणखी काय जपायचं, हे विचारायचं मला सुचलं नाही.) डांबराच्या पिंपांचे पाय झाले, तेलाच्या डब्यांचे कान झाले. डोकं काही जमेना. मग गोठ्यात आमची जुनी लोखंडी मोट दिसली, खाली चामड्याची सोंड लोंबणारी. हत्तीच तो!

"अण्णा, ही नेऊ का?"

"ने की. इजेची मोटार आल्यापास्नं कोन इचारतंय तिला?"

कान बसवायला मी मोटेला भोकं पाडली. सुळ्यांसाठी आणखी. कलेच्या भरात डोळ्यांसाठीही. हत्ती झकास झाला. बाजाराला आलेल्या बाया घागरी उतरवून त्याच्या सावलीत टेकायच्या.

पुढं विहीर इतकी खाली गेली, की मोटारीचा पाइप नुसती हवा ओढू लागला. तळाशी पाणी होतं, पण ते काढायला मोटच हवी. आणि वर अण्णांची लिंबोणीची बाग, लेकरासारखी वाढवलेली, पानं गाळत उभी.

"मास्तर, हत्ती सोडा आता," अण्णा म्हणाले. (मुलाला मास्तर म्हणाले, तेव्हाच मी समजलो.)

डोकं उतरवलं. लोहार दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेला, म्हणून भोकांत मीच चिंध्या कोंबून वरून डांबर लावलं. बैल जुंपले. मोट भरून निघाली आणि अर्ध्या वाटेत सगळ्या चिंध्या सुटल्या. वर पोचलं ते तांब्याभर.

अण्णा काठावरून वाकून धारा बघत राहिले.

"लई इमानी हाय तुझा हत्ती. हिरीचं पानी हिरीतच ठिवतोय."

मला हसू आलं. त्यांना आलं नाही.

दुसरी मोट मिळेपर्यंत निम्मी बाग वाळली. ती मिळाली माझ्या सासऱ्यांकडे, राहुरीला. त्यांनी ती ट्रकात चढवली, सोबत आपला मुलगा दिला. मागोमाग मी चढू लागलो, तर त्यांनी माझा दंड धरला.

"जावईबापू, ती हिरीत उतरूस्तवर तुमी हितंच ऱ्हावा."

राहिलो. ओसरीवर एकटाच बसलो होतो. आत सासूबाई पितळेची भांडी माळ्यावर चढवत होत्या.