मानेवरची पावडर

नववा मैल नावाच्या गावात बाईला तिच्या स्वतःच्या नावाने दोघंच हाक मारतात, पोलीस आणि पाद्री. बाकी सगळं गाव तिला तिच्या थोरल्या लेकराच्या नावाने ओळखतं. बोनिफेसची आई, उचेन्नाची आई, अशी ही आयांची वस्ती. न्वान्यीबुइफेला, म्हणजे बुइफेला, मूल नव्हतं. पण तेवढ्यासाठी गाव अडून बसत नाही. ती सकाळी बसथांब्यावर ओक्पा विकायची, म्हणून ती झाली ओक्पाची आई. केळीच्या पानात उकडलेले ते पिवळेधमक, तिखट गोळे. रोज पहाटे दीडशे लेकरं जन्माला यायची आणि दहाच्या आत सगळी बसमध्ये बसून परगावी जायची. "सुखात आहेत," बुइफे म्हणायची, "एकानेही अजून तक्रार कळवली नाही."

नावाचीही तीच तऱ्हा. न्वान्यीबुइफे म्हणजे 'बाईमाणूसही काहीतरी असतंच'. पाचवी मुलगी झाल्यावर बापाने स्वतःची समजूत काढायला ठेवलेलं नाव. दुसरी एखादी जन्मभर कुढली असती. बुइफेचं म्हणणं, काहीतरी आहे असं म्हणाला, हे काय कमी झालं? आभार मानायची तिला खोडच होती. पातेल्याला उकळी आली की पातेल्याला 'दालू'. बसने ब्रेक लावला की ड्रायव्हरला 'दालू'. न थांबता धूळ उडवून गेला तरी दालूच, अंगावरून गेला नाही म्हणून.

तिच्या थोरल्या सवतीला, ओयिरिदियाला, या दालूचा मनस्वी कंटाळा. ओयिरिदिया म्हणजे उचेन्नाची आई, पाच मुलांची धनीण, चर्चच्या महिला मंडळाची अध्यक्ष. आभार मानणं हे तिच्या मते हाताखालच्या माणसांचं काम. दोघींचा नवरा ट्रक चालवायचा, तो आठ वर्षांपूर्वी गेला. तेव्हापासून एका अंगणात समोरासमोरच्या खोल्यांत दोघी राहत होत्या आणि रोज सकाळी दात घासता घासता भांडण उरकून घेत होत्या, म्हणजे पुढचा दिवस मोकळा. थोरली धाकटीला हाक मारायची ती सवतींच्या जुन्या रिवाजाप्रमाणे, "माझ्या नवऱ्याच्या बायको". नवरा गेला तरी हाक तीच राहिली.

"आता तो कुठे आहे, थोरल्या बाई?" बुइफेने एकदा विचारलं.

"म्हणून काय तू त्याची बायको नाहीस? इतक्या सहज सुटायचं नाही."

बुइफे या घरात आली ती एकोणीस वर्षांची. महिनाभरात थोरली तिसऱ्यांदा बाळंत झाली. लेक बाळंत झाली की तिची आई जाऊन महिनाभर राहते, शेक देते, पोट दाबते, तिखट सूप पाजते, बाळाला न्हाऊमाखू घालते. ओमुग्वो म्हणतात त्याला, आणि तो आईचा हक्क. थोरलीची आई आदल्याच वर्षी वारली होती. मग पाणी तापवलं ते नव्या सवतीने. बुइफेची आई सुईण होती, तिच्या हाताचा गुण लेकीच्या हाती उतरला होता. थोरलीची पुढची दोन बाळंतपणंही तिनेच काढली. शेवटची ओबियागेली तर बुइफेच्या पाठीवरच वाढली, ओक्पाच्या वाफेत.

हळूहळू तो गुण गावात पसरला. आई नसलेल्या पोरी बुइफेला नेऊ लागल्या. ती जायची, महिनाभर राबायची, साबणाच्या वड्या आणि एखादं कापड घेऊन परत यायची. पण एक गोष्ट तिला कधी मिळाली नाही. ओमुग्वोहून परतणाऱ्या आईला बायका थांब्यावरच गाठतात, तिच्या मानेला पांढरी पावडर फासतात आणि नाचत घरी आणतात. ती माउली मग दोन दिवस मान धूत नाही आणि कुणाशीही बोलताना ती जरा जास्तच वळवते. बुइफे काही आई नव्हे, ती मदतीला गेलेली. तिला पावडर लावू नये असं कुणी म्हटलं नव्हतं, पण डबा घेऊनही कुणी उभं राहिलं नव्हतं. म्हणून ती नेहमी एक थांबा आधीच उतरायची आणि मागच्या गल्लीने घरी यायची. उगाच कुणाला अवघडायला नको. जगातल्या यच्चयावत गोष्टींचे आभार मानणारी बुइफे या एका गोष्टीबद्दल काही बोलायची नाही.

त्या वर्षी ओबियागेलीला पोर्ट हार्कोर्टला मुलगी झाली. जावई सोलोमन बातमी घेऊन जातीने आला, खांद्यावर यामचे चार कंद. "आई, तुम्हाला न्यायला आलोय," तो थोरलीला म्हणाला. मग त्याने बुइफेकडे पाहिलं आणि घाईघाईने यामकडे पाहिलं.

गाठोडं बुइफेनेच बांधलं. उझिझाची मिरी, सुका मासा, पोट बांधायला जुनं मऊ कापड.

"पाणी हाताला सोसेल त्याहून किंचित जास्त कढत, थोरल्या बाई. आणि पोट वरून खाली दाबायचं."

"मी पाच वेळा बाळंत झालेय. मला शिकवतेस?"

"झालात ना. पण तेव्हा तुम्ही आडव्या होता. शेकणारी मी होते."

थोरली जाऊन गाडीत पुढच्या सीटवर बसली, मान ताठ करून, जणू पावडर लागलेलीच आहे.

चौथ्या दिवशी सकाळी बसथांब्यावर बुइफेचा फोन वाजला.

"मी बोलतेय," पलीकडून कुजबुज आली.

"थोरल्या बाई? आवाज असा का?"

"मोरीत आहे. हे पाणी उकळतं घ्यायचं का?"

"उकळतं? पोरीला सोलायचीय का?"

"पहिल्या दिवशी मी कोमट घेतलं. म्हणाली, आई, हा शेक आहे की थुंकी."

तेव्हापासून रोज सातला फोन. बुइफे तो कान आणि खांद्यामध्ये दाबून धरायची आणि हाताने ओक्पा बांधायची. "दाबत जा. अजून. काल ओरडली? ओरडू दे. तिखट आहे हो, लहान पोराला नका देऊ. तुम्हाला नाही, थोरल्या बाई, गिऱ्हाइकाला सांगतेय." उत्तरेकडे जाणाऱ्या बसचा एक ड्रायव्हर तर पाच मिनिटं जास्त थांबू लागला. "नाळ पडली का?" त्याने एके दिवशी खिडकीतून विचारलं. आज पडली, असं कळल्यावर अख्ख्या बसने टाळ्या वाजवल्या. त्यातल्या निम्म्यांना कसल्या ते ठाऊक नव्हतं.

शेजारी केळी विकणाऱ्या बोनिफेसच्या आईला मात्र सगळं ठाऊक होतं. "ओमुग्वो ती करतेय की तू?"

"त्याच करतायत. मी नुसती बोलते."

"मग पावडर काय तुझ्या फोनला फासायची?"

बुइफे हसली. पण त्या दिवशी पातेल्याला दालू म्हणायचं राहून गेलं.

तेराव्या दिवशी फोनवर आवाज वेगळा होता.

"धाकटी आई, मोरीच्या दाराला कडी नाहीये," ओबियागेली म्हणाली. "पहिल्या फोनपासून सगळं ऐकतेय मी. तू ये."

बुइफेच्या हातातलं केळीचं पान तसंच राहिलं. बाळाला अजून डोळ्यांनी पाहिलं नव्हतं, पण तळहातांना ते कधीपासून जाणवत होतं. तरी ती म्हणाली, "तुझी आई आहे ना तिथे. हक्क तिचा. ती बोलावेल तर येईन."

"इथेच उभी आहे. घे, बोल."

फोन या हातातून त्या हातात गेला. पलीकडे बाळ रडत होतं. बसचा ड्रायव्हरही इंजिन बंद करून वाट पाहू लागला.

"येताना उझिझा आण," शेवटी थोरली म्हणाली. "होती तेवढी सगळी मी पहिल्याच सूपात घातली. सोलोमन अजून पाणी पितोय."

"आणते."

"आणि हे बघ. तू आलीस म्हणून मी निघून जाणार नाही."

"जाऊ नका ना. कुणी आलं-गेलं तर बोलायला कुणीतरी हवंच."

दोन खोल्यांच्या त्या घरात दोन आया झाल्या आणि सोलोमनची खाट बाहेरच्या वऱ्हांड्यात गेली. बुइफेने पाणी तापवलं, टॉवेल पिळला, पोटावर तळवा ठेवला. ओबियागेली किंचाळली, मग कण्हली, मग तिथेच गाढ झोपली. बुइफेने बाळाचे हातपाय ताणले, त्याला दोनदा हवेत उडवून झेललं. आल्यागेल्याला थोरली सांगत होती, "हे असं करायचं असतं," आणि बुइफेला त्यात काही खोटं वाटत नव्हतं.

एका सकाळी थोरली शेजारी टॉवेल धरून बसली होती. ती कितीतरी वेळ बुइफेच्या हातांकडे पाहत राहिली.

"माझ्या वेळी तू एकोणीस वर्षांची होतीस."

"हो."

"मला वाटलेलं, आज ही मला मारते. सवत ती सवत, आणि हातात कढत पाणी."

"मग?"

"मग काय. झोप लागली."

दोघी पुन्हा कामाला लागल्या.

महिना भरल्यावर सोलोमनने दोघींना कापडाची एकेक पेटी दिली आणि गाडीत बसवून दिलं. नववा मैल जवळ आला. सिमेंटच्या वखारीचा थांबा दिसताच बुइफे सवयीने उठली आणि पेटी उचलू लागली. थोरलीने तिचं कमरेला गुंडाळलेलं कापड घट्ट धरलं.

"कुठे?"

"मागच्या गल्लीने येते. पुढे बायका थांबल्या असतील."

"कुणासाठी?"

"तुमच्यासाठी."

"बस खाली." थोरलीने पिशवीतून बाळाच्या पावडरीचा डबा काढला. "मान इकडे कर."

"थोरल्या बाई, हे घरच्या बायकांनी लावायचं असतं."

"मग मी कोण? मी तुझ्या नवऱ्याची बायको."

पावडर तिने मूठ भरून लावली, थापली म्हणा ना. मानेला, गळ्याला, कानांमागे. पुढच्या रांगेतले दोघं शिंकले, कंडक्टरने खिडकी उघडली. थांब्यावर बोनिफेसची आई डबा घेऊन चार बायकांसह तयार होती. आधी उतरली बुइफे, मान चुना दिलेल्या भिंतीसारखी पांढरी.

"ओक्पाची आई, तुला गं कुणी लावली?"

"ओक्पाची नाही," मागून उतरत थोरली म्हणाली. "ही ओबियागेलीची आई. उचेन्नाची आई मी आहेच. धाकट्या लेकीचं नाव तसंही घरात बिनवापराचं पडलं होतं."

बोनिफेसच्या आईने क्षणभर डब्याकडे पाहिलं. मग उरलीसुरली जागा शोधून तिनेही बुइफेच्या मानेवर एक बोट टेकवलं आणि मग थोरलीच्या मानेकडे वळली. बायकांनी गाणं उचललं. बुइफेला थोरलीला दालू म्हणायचं होतं. तिने तोंड उघडलं, पण पावडर नाकात गेली होती. सणसणीत शिंक आली, डोळ्यांत पाणी आलं.

"पोचलं," थोरली म्हणाली. "चल आता, नाच."