आत्याबाईंच्या हौदातलं ऊन

आमच्या घरी स्विमिंग पूल होता आणि तो उन्हावर तापायचा, असं मी पुण्यातल्या बायकांना सांगते तेव्हा त्या आधी माझ्या हातातल्या बांगड्यांकडे बघून घेतात. मग मी खुलासा करते. पूल म्हणजे नारायणगावजवळच्या आमच्या मळ्यातला सिमेंटचा हौद. दहा बाय बारा, छातीएवढा खोल. त्यात उतरणारी बाई एकच, माझी सासू, आणि तीही पोहायची नाही, नुसती चालायची. एवढं सांगून झालं तरी माझा आवाज काही खाली येत नाही. दोन हजार पाचच्या आसपासची ही गोष्ट, पण सांगायला लागले की मला अजूनही बसून सांगता येत नाही.

सुरुवात माझ्या मुलापासून झाली. तो चैत्रात झाला आणि होताना त्याने सगळ्यांना घाम फोडला. मंचरच्या दवाखान्यात मी आत विव्हळत होते आणि बाहेर बाकड्यावर आत्याबाई बसल्या होत्या. आमच्याकडे सासूला आत्याबाई आणि सासऱ्यांना मामंजी म्हणतात. तर बाकड्यावर बसल्या बसल्या आत्याबाईंनी लेण्याद्रीच्या गणपतीला नवस बोलला: बाळ-बाळंतीण सुखरूप राहू दे, मी नातवंडाला कडेवर घेऊन माझ्या पायांनी तुझ्या पायऱ्या चढेन, मगच त्याचं जावळ काढू. त्यांना कोणी विचारलं नव्हतं. त्या वेळी घराच्या दोन पायऱ्या चढायलाही त्यांना चौकट धरावी लागत होती, हे त्या घाईत गणपतीला सांगायचं राहून गेलं असावं.

बाळाचं जावळ, म्हणजे जन्माचे केस, आमच्यात अकराव्या महिन्यात काढतात. ते चुकलं तर थेट तिसऱ्या वर्षी. अकरावा महिना फाल्गुनात येत होता. तिसऱ्या वर्षापर्यंत पोरगं केवढं होणार आणि गुडघे कुठे जाणार, हे आत्याबाईंना न सांगताही कळत होतं. दिवाळीत त्यांचे गुडघे इतके सुजले की फराळाच्या चकल्या त्यांनी पाय लांब करून, पाटावर बसून पाडल्या.

मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, पाण्यात चाला. कोमट पाणी हवं, छातीपर्यंत हवं, रोज अर्धा तास. पाण्यात वजन लागत नाही, गुडघे मोकळे होतात, मांड्यांत जोर येतो. गार पाण्यात मात्र अजिबात नको. असे तलाव कुठे आहेत, असं विचारलं तर म्हणाले, पुण्यात आहेत. येताना जीपमध्ये मी आत्याबाईंना म्हटलं, "डोलीत बसून जाऊ या ना. बाळ तुमच्या मांडीवर असेल. देवाला कळेल."

त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "देवाला कळंल गं. मलाच न्हाई कळायचं."

मी बारावीपर्यंत सायन्सला होते. घरात याचा कोणाला काही उपयोग झाला नव्हता, पण मला त्याचा गर्व फार. लग्नानंतर घराच्या गच्चीवर आंघोळीच्या पाण्याचं सोलर बसलं तेव्हा गरम पाणी वर का जातं आणि टाकी पट्ट्यांच्या वर का ठेवतात, हे मी आल्यागेल्याला हातवारे करून सांगायची. पण ते सोलर शंभर लिटरचं. हौदात ओतलं असतं तर हौदाला पत्ताही लागला नसता. मग एका दुपारी शेडमागे हात धुवायला गेले. द्राक्षबागेतल्या जुन्या ठिबकच्या काळ्या नळ्यांची वेटोळी तिथे पडली होती. त्यातल्या एका नळीत राहिलेलं पाणी माझ्या हातावर आलं आणि मी बोंबलले. इतकं कडकडीत. पाच मिनिटांनी मी तोच भाजलेला हात नाचवत मामंजींसमोर उभी होते.

मामंजी हे फार शांत गृहस्थ. माझं सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "म्हंजी छपराला ठिबक करायचं म्हण की."

दुसऱ्या दिवसापासून ते पॅकिंगच्या शेडवर चढले. पत्र्यावर नळ्या अंथरायच्या, हौदातलं पाणी छोट्या मोटरीने त्यात वर ढकलायचं, उन्हात फिरवून परत हौदात सोडायचं. थिनिंगला, म्हणजे घडांतले जास्तीचे मणी काढायला, आलेल्या बायका दुपारच्या सुट्टीत बसून नळ्यांच्या भोकांना बुचं मारत होत्या. भाकरी कमी आणि हसणं जास्त. चार दिवसांनी मामंजींनी आम्हाला काम बघायला बोलावलं. आम्ही शिडीवर चढून पाहिलं. नळ्या सुतात सरळ होत्या, टोकाला नीट बांधलेल्या होत्या आणि दोन नळ्यांमध्ये बरोबर आठ-आठ फूट अंतर होतं. सगळ्या पत्र्यावर मिळून पाच ओळी. माझा नवरा बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "आण्णा, थामसनची द्राक्षं लावायचीयत का जंबोची?"

मामंजींनी खाली पाहिलं, वर पाहिलं. तीस वर्षं बागेत नळी टाकणाऱ्या हाताने छपरावरही वेलींना जागा सोडली होती. शिडीवर आम्ही तिघं इतके हसलो की नवऱ्याला आधी खाली उतरवावं लागलं. मग नळ्या एकमेकींना चिकटवून पुन्हा अंथरल्या.

आणि पाणी तापलं. दुपारी तीनला हौदात हात घातला तर कोमट, चारला चांगलंच ऊन. मी बाळाला कडेवर घेऊन हौदाभोवती नाचले. पण आत्याबाई दुपारी उतरायला तयार नव्हत्या. बागेत पंधरा बायका असताना थोरल्या मालकिणीने पाण्यात डुंबायचं? "बाया काय म्हंतील?" त्या म्हणाल्या. "मी सकाळी उतरन. बाया यायच्या आत."

सकाळी पाणी बर्फ. मार्गशीर्षातली थंडी, पण तरी इतकं गार? आत्याबाईंनी पायाचं बोट बुडवलं, "अगं आई" म्हणाल्या आणि घरात गेल्या.

हौद उघडा राहतो म्हणून ऊब उडून जाते, असं मी जाहीर केलं. पांघरूण हवं. एक्सपोर्टच्या द्राक्षपेट्यांत तळाला घालायचा फुग्याफुग्यांचा प्लास्टिक कागद गेल्या हंगामातला शिल्लक होता. तो मी चिकटपट्टीने जोडजोडून हौदाएवढा केला. संध्याकाळी पाण्यावर पसरला की फार सुंदर दिसायचा. फक्त घरात असा एकही माणूस नव्हता ज्याला जाता-येता एखादा फुगा फोडल्याशिवाय राहवत होतं. नवरा फोडायचा, बाळ फोडायचं, थिनिंगच्या बायका फोडायच्या. एकदा मामंजींना मी रंगेहाथ पकडलं. पण फुगे शाबूत असोत की फुटलेले, सकाळी पाणी तेवढंच गार.

मग मी चिडले. चिडणं मला चांगलं जमतं. मार्गशीर्ष संपला होता, पौष निम्मा सरला होता, आत्याबाई अजून एकदाही पाण्यात उतरल्या नव्हत्या आणि पोराचे केस मानेवर आले होते. मी मामंजींना म्हटलं, नळ्या अंथरण्यातच चूक आहे. त्यांनी तिसऱ्यांदा नळ्या अंथरल्या. मग नवऱ्याला म्हटलं, हौद कुठेतरी गळतोय, विहिरीचं गार पाणी आत झिरपतंय. तो बिचारा हौदाभोवती खडूने खुणा करत फिरला. मी त्या दोघांना इतकं बोलले की जेवताना घरात फक्त बाळ बोलत होतं. आत्याबाई एके दिवशी हळूच म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे गं. डोलीनं जाऊ." हे ऐकून मला रडू आलं. स्वयंपाकघरात जाऊन मी खरंच रडले.

त्या काळात लोडशेडिंग जोरात होतं. संध्याकाळी सहाला लाइट जायची, रात्री कधीतरी यायची, पहाटे पाचला पुन्हा जायची. संक्रांतीला मात्र सणाची म्हणून पहाटे लाइट गेलीच नाही. त्या दिवशी मी सुगडं पुजायची म्हणून लवकर उठले. अंगणात आले तर घूं असा आवाज. छोटी मोटर चालू होती. सकाळी सहाला. पत्र्यावर दव पडलेलं, नळ्या हाताला चटका देतील इतक्या गार, आणि हौदातलं पाणी त्या गारठ्यातून फिरून फिरून परत हौदात पडत होतं.

मी भिंतीवरच्या बोर्डाकडे गेले. मोटरीचा खटका ऑटोवर होता.

शेतकऱ्याच्या घरात मोटर ऑटोवर असते, म्हणजे लाइट आली की ती आपोआप चालू होते. लाइट रात्री-अपरात्री येते, मग कोण उठून जाणार? मी लग्न होऊन आले त्या पहिल्याच आठवड्यात मला शिकवलं होतं: संध्याकाळी अंगणातून शेवटी आत येणाऱ्याने सगळे खटके ऑटोवर टाकायचे. शेवटी आत येणारी मीच. विहिरीच्या मोटरीचा खटका टाकताना हात आपसूक शेजारच्या खटक्यावरही जायचा. दिवसभर तापलेलं पाणी लाइट आली की रात्रभर थंड छपरावर फिरायचं, पहाटे लाइट गेली की मोटर बंद पडायची, आणि सकाळी आम्ही बोट बुडवायचो. महिनाभर मी रोज संध्याकाळी हे करत होते आणि रोज सकाळी दुसऱ्यांना बोलत होते.

लपवावं असं क्षणभर वाटलं. पण मला लपवता येत नाही, पोटात मावत नाही. मी मामंजींना हाताला धरून बोर्डासमोर आणलं आणि खटका दाखवला. त्यांना कळायला जरा वेळ लागला. मग ते खाली अंगणातच बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "लई भारी," ते म्हणाले. "दिसभर म्या तापवायचं आन रातभर सूनबाईनं निववायचं." मी त्यांच्या पाया पडले, मग नवऱ्याच्याही पडायला निघाले तर तो पळाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी फुग्यांचं पांघरूण गुंडाळलं आणि पाण्यावरून वाफ आली. आत्याबाई जुनं नऊवारी घालून आल्या. पाण्यात उतरायला नऊवारीसारखं कापड नाही. काष्टा घट्ट, कुठे फुगत नाही, कुठे तरंगत नाही. त्या हौदाच्या पायरीवर बसल्या, एक पाय सोडला, दुसरा सोडला, मग छातीपर्यंत उतरल्या आणि तशाच थांबल्या. मला वाटलं, काही झालं. त्या म्हणाल्या, "अगं, गुडघं कुठं गेलं माजं?" आणि हसायला लागल्या. मी त्यांना तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं. चालायचं होतं अर्धा तास, त्या पाऊण तास चालल्या.

आठवडाभर हे गुपित राहिलं. मग एकदा थिनिंगच्या बायका लवकर आल्या आणि त्यांनी मालकिणीला पाण्यात पाहिलं. आत्याबाई मान खाली घालून उभ्या राहिल्या. एक बाई जवळ आली, पाण्यात हात घातला आणि बाकीच्यांना म्हणाली, "आगं ऊन हाय." त्यानंतर रोज हौदाच्या कडेला पंधरा बायका पाय सोडून बसायच्या आणि मधोमध आत्याबाई फेऱ्या मारत सगळ्यांच्या घरची चौकशी करायच्या. काम अर्धा तास उशिरा सुरू होऊ लागलं.

फाल्गुनात आम्ही लेण्याद्रीला गेलो. पायथ्याला डोलीवाले पुढे आले, "आजी, बसा. लई पायऱ्या हायेत." आत्याबाई म्हणाल्या, "मला म्हाईत हाय किती हायेत." त्यांनी बाळाला कडेवर घेतलं. त्याच्या केसांची मी वर शेंडी बांधली होती, येणारेजाणारे "मुलगी गोड आहे" म्हणत होते. मी एक पायरी मागे, दोन्ही हात पुढे धरून. निम्म्यावर त्या थांबल्या. श्वास लागला होता आणि मांडी थरथरताना मला दिसत होती. मी हात अजून पुढे केले. त्यांनी बाळाला या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि पुढची पायरी चढल्या. वर गुहेत शिरेपर्यंत त्यांनी त्याला खाली ठेवलं नाही. मी गणपतीकडे बघितलंच नाही, मी त्यांच्या गुडघ्यांकडेच बघत होते आणि मला हुंदके येत होते.

खाली उतरून बाळाचं जावळ काढलं. पोरगं एकदम मामंजींसारखं दिसायला लागलं. जीपमध्ये बसताना मी म्हटलं, "झालं बाई सगळं. आता उन्हाळाच आहे, उद्या मामंजींना सांगून त्या नळ्या उतरवून टाकू."

"नळ्यांना हात लावायचा न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. "एवढी वरसं पान्यात हात घालायचे मंजी भांडी, न्हाईतर धुनं. मी पान्यात गेले, ती ह्याच वरसी."

मग त्यांनी पुढे वाकून ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला. "भाऊ, जरा बिगीनं घ्या. ऊन हाय तवर घरी पोचायचंय."