इमामभाईंची एक चूक

शाळेत तिसरा तास चालू असताना शिपायानं इमामभाईंच्या मुलीची चिठ्ठी आणून दिली. चारच शब्द होते, ‘अब्बा पहाटे गेले. फातिमा.’ मुलांना गणित घालून मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो. त्या दिवशी काय वाटलं ते सांगता येणार नाही, पण पुढच्या आठवड्यात जे वाटलं ते सांगता येईल. राग आला. गावातल्या एका साप्ताहिकानं इमामभाईंवर दोन ओळी छापल्या आणि त्यांत त्यांना ‘मोडक्यातोडक्या सामानाचे व्यापारी’ म्हटलं. त्याआधी दफनाहून परततानाच एक ओळखीचे वकील मला म्हणाले होते, “माणूस जाणकार होता हो, पण एकदा साफ फसला होता.” त्या वकिलांचा ‘पण’ गेले पाच आठवडे माझ्या डोक्यात आहे. हा लेख त्या ‘पण’साठी लिहितो आहे.

मोडकं सामान इमामभाईंच्या दुकानात कधीच नव्हतं. तरुणपणी ते बंगल्यांतलं सामान पेटाऱ्यांत बांधून द्यायचं काम करत. विलायतेला परतणाऱ्या साहेबांची काच त्यांच्या हातून गवतात गुंडाळली जाई, आणि गुंडाळता गुंडाळता ती त्यांना कळू लागली. त्यातही जीव जडला तो काचेच्या पेपरवेटांवर. आपण टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवतो, तीच वस्तू. रंगीत काचेच्या बारीक कांड्या करायच्या, त्यांचे काप काढायचे, ते फुलांसारखे मांडायचे आणि वर स्वच्छ काचेचा घुमट चढवायचा, अशी ही फ्रान्सातली जुनी कारागिरी. तिला विलायतेत मोठा मान होता, आणि सोलापुरात ती ओळखणारा एकच माणूस होता. सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्या दुकानात जाऊन बसे. “मास्तर, आदी हातात घ्या,” ते म्हणत, “डोळं मग.” जुनी काच आकाराच्या मानानं जड लागते. मग तळ बघायचा. वर्षानुवर्षं टेबलावर इकडून तिकडे सरकलेल्या तळावर बारीक ओरखडे असतात आणि ते वाटेल त्या दिशेला गेलेले असतात. नक्कल करणारा तळ दगडावर घासतो, त्याचे ओरखडे सगळे एका बाजूला जातात. एवढं शिकवायला त्यांनी मला दोन वर्षं घेतली, कारण दर वेळी मी डोळ्यांनीच सुरुवात करत असे.

माझे वडील, अण्णा, एका गिरणीच्या कचेरीत हेडक्लार्क होते. तिथल्या जुन्या मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर असंच एक फ्रेंच पेपरवेट होतं. साहेब विलायतेला गेले, ते टेबलावरच राहिलं, आणि काही वर्षांनी त्यांचं पत्र आलं की ते पाठवून द्या. पार्सलाचा विमा उतरवायचा तर किंमत ठरवायला हवी, म्हणून नव्या साहेबांनी इमामभाईंना बोलावलं. त्या सुमारास चीनमधून हुबेहूब नकला मुंबईच्या बाजारात उतरू लागल्या होत्या आणि महिन्यापूर्वीच इमामभाईंनी त्यांतली एक खरी समजून विकत घेतली होती. ती गोष्ट त्यांच्या मनाला लागली होती. त्यांनी साहेबांचं पेपरवेट उलटं केलं, तळ पाहिला. ओरखडे सगळे एका दिशेला. “नक्कल हाय,” म्हणाले आणि घरी आले. आता नक्कल आहे, तर मग अस्सल कुठं गेलं? टेबलाच्या किल्ल्या अकरा वर्षं अण्णांकडे. अण्णांना त्याच दिवशी घरी बसवलं.

मी दुकानात गेलो आणि चार माणसांदेखत ओरडलो, “तुम्ही माझ्या बापाला चोर ठरवलंत.”

इमामभाई जागचे हलले नाहीत. “मी काचंबद्दल बोललो, मास्तर. अण्णांबद्दल न्हाय.” मग म्हणाले, “तुमच्यासाटी खोट्या काचंला खरी म्हणू? मग उद्या माजं कोण ऐकंल?”

मी बोलणं टाकलं. अण्णा ओसरीवर बसून राहत. जेवण निम्मं टाकत. बाहेर कुणाची चाहूल लागली की आत जात... मिशा राखून ताठ चालणारा माणूस, त्याला मी असा कधी पाहिला नव्हता.

दसऱ्याला इमामभाई दरवर्षी आमच्याकडे सोनं द्यायला येत आणि ओसरीवरूनच परत जात. त्या वर्षीही आले. दारात मी उभा होतो, वाट सोडली नाही. त्यांनी मला बाजूला केलं आणि सरळ आत गेले. आदल्या दिवशी खंडेनवमी झाली होती. सुतार आपली करवत पुजतो, विणकर माग पुजतो, तसे आमच्याकडे दौत, टाक आणि रूळ पुजलेले, पाटावर तसेच मांडलेले होते. मध्ये एक जागा रिकामी होती. इमामभाईंनी ती पाहिली आणि आईला विचारलं. आई म्हणाली, “तिथं ते काचेचं असायचं. हे दर खंडेनवमीला कचेरीतून आणायचे. यंदा...”

अण्णा तिला गप्प करायला उठले. कचेरीतली वस्तू न विचारता घरी नेत होतो, हे त्यांनी आजवर कुणाला कळू दिलं नव्हतं. पण इमामभाई पाटासमोर खाली बसले होते.

“वैनी, पुजायच्या आदी ते घासायचात?”

“घासायची म्हणजे काय! देवाच्या भांड्यांबरोबर. विटकरीची पूड घ्यायची, दगडावर उपडं धरायचं आणि असं...” तिनं दोन्ही हात पुढे-मागे करून दाखवले. सरळ रेषेत. पुढे-मागे.

“आन कुंकू?”

“ते खाली, तळाला वाटीसारखा खळगा आहे त्यात. वर लावलं तर आतली फुलं झाकतात ना.”

इमामभाईंनी पाटावरच्या रिकाम्या जागेवर तळहात टेकवला. मग म्हणाले, “हाताला वजन बरूबर लागलं होतं, अण्णा. मी हाताचं ऐकलं न्हाय.”

दसऱ्याची सुट्टी संपून कचेरी उघडली, तेव्हा ते आमच्या घरावरून तिकडे निघाले. अण्णांनी त्यांचा हात धरला. “जाऊ नका. घरी नेत होतो हे कळलं तर उरलीसुरली नोकरीही जाईल.”

“जाऊ द्या की,” इमामभाई म्हणाले. “पूजंला नेलं म्हणून जाऊ द्या. चोर म्हणून जायची न्हाय.”

मी बरोबर गेलो. कुणी बोलावलं नव्हतं. साहेबांना हिंदुस्थानी येत असे. बोलणं त्या भाषेत झालं, मी मराठीत देतो. इमामभाईंनी स्वतः फसून घेतलेली चिनी नक्कल खिशातून काढली आणि गिरणीतला सूत तोलायचा तराजू मागवला. आकार सारखा, साहेबांच्या पेपरवेटाचं पारडं खाली गेलं. मग त्यांनी रुमालाचं टोक ओलं केलं, तळाच्या वाटीत कडेनं फिरवलं आणि टेबलावर पसरलं. लाल.

“हे अकरा वर्षांचं कुंकू आहे,” ते म्हणाले. “चीनमध्ये लावत नाहीत. वस्तू तीच आहे आणि खरी आहे. मी चुकलो.”

साहेब म्हणाले, “त्या दिवशी चुकलात, तर आज तुमच्यावर विश्वास का ठेवू?”

“माझ्यावर ठेवू नका. कुंकवावर ठेवा.”

कचेरीतले सगळे कारकून ऐकत होते. अण्णा चार दिवसांनी कामावर गेले. वस्तू घरी नेल्याबद्दल त्यांना ताकीद मिळाली, ती त्यांनी मान ताठ ठेवून घेतली. इमामभाईंना मात्र त्यानंतर एकाही बंगल्याच्या लिलावाला किंमत ठरवायला कुणी बोलावलं नाही. चुकतो असं स्वतःच सांगणारा जाणकार कुणाला हवा असतो? त्यांना याचं वाईट वाटलं नाही असं मी लिहिणार नाही. वाटलं. लिलावाच्या दिवशी ते दुकान बंद ठेवून घरी पडून राहत. एकदा मी माफी मागायला गेलो, तर म्हणाले, “तुमी ओरडला ते बरूबरच होतं. पण मला काच खोटी वाटत असताना खरी म्हणालो असतो, तर दसऱ्याला तुमच्या घरी कुटल्या तोंडानं आलो असतो?”

तेव्हा वकीलसाहेब, होय, इमामभाई एकदा फसले. आणि ते सांगायला न बोलावता, स्वतःच्या पायांनी, भरल्या कचेरीत गेले. तुमच्या-माझ्या धंद्यात असं ज्यांनी केलं असेल त्यांनी हात वर करावा. माझा हात खाली आहे.

दुकान आता फातिमा चालवते. बाईमाणसानं गल्ल्यावर बसू नये असं चार मोठी माणसं सांगून गेली. तिनं त्यांना चहा पाजला आणि बसून राहिली. परवा मी तिथं होतो, तेव्हा एक कोटवाले गृहस्थ पेपरवेट घेऊन आले. फातिमानं ते आधी तळहातावर नुसतं धरून ठेवलं, बऱ्याच वेळानं उलटं केलं. ओरखडे एका बाजूला गेलेले मलाही दिसले.

“घरात हे कोण घासतं?” तिनं विचारलं.

गृहस्थ हसले. “आमची आई. पण तिला यातलं काय कळतंय?”

फातिमानं पेपरवेट त्यांच्या हातात परत ठेवलं. “मग आदी त्यांना घेऊन या,” ती म्हणाली.