खाजामियाँच्या काचेखालची फुलपाखरं

फ्रेमच्या दुकानात किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. गिऱ्हाईक भिंतीवर काय लावायचं ते सांगायला येतं आणि घरातलं सगळं सांगून जातं! निजामाच्या शेवटच्या काळात नांदेडात माझं आणि खाजामियाँचं मिळून दुकान होतं. मी लाकूड कापायचो, ते काच.

एक इंग्रज इंजिनिअर बंगला रिकामा करून मायदेशी निघाला. त्याच्या सामानातलं एक जुनं पुस्तक आम्हाला मिळालं. शिवण सुटलेली, पण पानोपानी हातानं रंगवलेली फुलपाखरं. मिशा, पायावरचे केस, सगळं जिथल्या तिथं. खाली लॅटिन नावं.

मी म्हणालो, "फ्रेम करून विकू."

"देव, निजाम हुजूर आन् सासरा," खाजामियाँ म्हणाले, "ह्याबिगर भिंतीवर कायबी लागत न्हाई. किडे कोन लावंल?"

तरी एक फ्रेम दर्शनी टांगलीच.

*

देगलूरचे एक देशमुख जोडप्यानं लक्ष्मीची तसबीर न्यायला आले. बाईंनी फुलपाखरूच धरून ठेवलं. देशमुख वैतागले, "अगं, ह्याची पूजा कशी करायची?"

किडे म्हणणारे खाजामियाँ लगेच पुढं झाले. "ह्याला उपास न्हाई, नैवेद्य न्हाई, सोवळं न्हाई. नुसतं बघायचं!"

बाई म्हणाल्या, "मग दोन द्या."

*

पोलिसांचे एक अमीनसाहेब दुकानासमोर थांबले. दिवस संशयाचे. चित्राखालच्या अक्षरांवर छडी ठेवून त्यांनी विचारलं, "ये कौनसी ज़बान है?"

"लॅटिन, हुजूर."

"कौन बोलते?"

"बोलनेवाले सब मर गये, हुजूर."

"फिर ठीक है!" म्हणाले आणि गेले.

*

चाकूरचे एक मास्तर फ्रेम काखेत मारून तक्रार घेऊन आले. "दिवसभर पाल काचेवर धडका मारून राहिली. पोरं अभ्यास सोडून तेच बघतात!"

खाजामियाँनी विचारलं, "पाल दुसऱ्या कोन्या तसबिरीवर जाते का?"

"न्हाई."

"मग आमच्या मालाची पारख तुमच्या घरात तिलाच हाय!"

*

लातूरच्या एका वकिलांनी पांढऱ्या पट्ट्याचं काळं फुलपाखरू बैठकीत लावलं. आल्यागेल्याला सांगायचे, "खास विलायती." चार प्रतिष्ठित मंडळी बसलेली असताना त्यांची आई चहा घेऊन आली. चित्र जवळून बघून म्हणाली, "विलायती कुठलं? आपल्या कढीपत्त्यावरचं हाय की! ही खाली काढलेली हिरवी अळी मी रोज चिमट्यानं काढून फेकते!"

वकिलांनी घाईघाईनं चहाचे कप पुढं केले. म्हातारी मात्र थोडा वेळ बघतच राहिली. त्या दिवसापासून तिनं अळ्या काढणं बंद केलं. वकिलांच्या घरी पुढं वर्षभर कढी फिक्कीच व्हायची!

*

आता शांताबाईंचं सांगतो. त्यांचे यजमान गोविंदराव आमच्याच गल्लीत राहायचे, शाळेत शिकवायचे. बाईंनी हट्टानं एक निळं फुलपाखरू आतल्या खोलीत लावलं होतं. पुढं गडबड माजली. माणसं घरदार सोडून पैनगंगेच्या पलीकडं, निजामाच्या हद्दीबाहेर निघाली. गोविंदरावही निघाले. बाई फ्रेम उतरवायला लागल्या तसे ते ओरडले, "पोरं उचलू का चित्र?"

फ्रेम राहिली.

निजामाचं राज्य गेलं आणि पाचसहा महिन्यांनी ती मंडळी परत आली. मी आणि खाजामियाँ त्यांच्यासोबत त्यांच्या घरी गेलो. कुलूप तोडलेलं. भांडी, पेट्या, जातं, दाराच्या कड्यासुद्धा नेलेल्या. घरभर जमिनीवर धुळीचा जाड थर. त्यात पावलं उमटत होती ती फक्त आमची.

गोविंदरावांनी दारावरची कड्यांची भोकं चाचपली. "लेकांनी कायबी ठिवलं न्हाई."

आतून शांताबाईंनी हाक मारली, "जरा इकडं या."

फुलपाखरू जागच्या जागी होतं. बाईंनी काचेवरून बोट फिरवलं आणि ते आमच्यापुढं धरलं.

बोटाला धूळ नव्हती!