टाकीतला घुमारा

दिगूच्या शोकसभेत त्याचे काका उभे राहिले आणि म्हणाले, "आमच्या घरच्या टाकीनं त्याचं वाजवणं घडवलं." लोकांनी माना डोलावल्या. दिगू काविळीनं गेला त्याला महिना होऊन गेला, पण माझा राग तसूभरही निवळलेला नाही. तेव्हा माझ्याकडून कुणी गोडगोड लेखाची अपेक्षा ठेवू नये.

मी ठाण्याचा, ख्रिस्ती. दिगू डोंबिवलीचा, घरात सोवळं-ओवळं कडक. आमची ओळख कचेरीत झाली आणि जमलं ते गिटारमुळं. विजेवरची गिटार म्हणजे तेव्हा नवलाई. ती मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून पोलादी कांडी फिरवत तो वाजवी. पण आवाज त्याला कोरडा वाटे. "तार सोडली की स्वर मेलाच रे," म्हणून हळहळे. परदेशी रेकॉर्डींवर ऐकलेला घुमारा त्याला हवा होता... एक स्वर विरता विरता पुन्हा कानावर यावा, तसा. एका वैशाखात त्यांच्या विहिरीचं पाणी खोल गेलं आणि परसातली सिमेंटची टाकी रिकामी पडली. दिगूनं तिच्यात लाउडस्पीकर सोडला, मला मायक्रोफोन देऊन आत बसवलं, आणि तारा ओढून दुसरा लाउडस्पीकर ओसरीवर मांडला. टाकीत घुमलेला आवाज मूळ आवाजात मिसळून ओसरीवर निघे. मायक्रोफोन आतल्या लाउडस्पीकरजवळ नेला की घुमारा आखूड, लांब नेला की खोल. "पास्कल, अजून लांब! अरे, भिंतीला चिकट की!" तो ओसरीवरून ओरडे. मी आत घामानं निथळत होतो, पण संध्याकाळी सगळी आळी ओसरीपुढं जमली आणि कुणी हलेना. इतका खूश झालेला दिगू मी पुन्हा पाहिला नाही.

दुसऱ्या दिवशी तारा गुंडाळायला गेलो, तर काका टाकी गोमूत्रानं धुऊन घेत होते. "पिण्याच्या पाण्याची टाकी आहे. तुम्ही आत बसला होतात ना... गैरसमज नको," ते हसून म्हणाले. हसून! लाउडस्पीकरचा विटाळ झाला नाही, तारांचा झाला नाही, झाला तो माझ्या ढुंगणाचा. किळस यावी अशी गोष्ट, आणि वर शिष्टाचार. दिगू शेजारीच उभा होता. त्यानं ब्र काढला नाही. पुन्हा त्या टाकीत लाउडस्पीकर सोडला नाही, एवढंच. पुढं आम्ही माझ्या घरी वाजवत राहिलो, पण त्याचं ते गप्प राहणं मला सलत राहिलं. त्यालाही ते टाकी धुणं पटलं होतं का? विचारावं असं शंभरदा वाटलं... जीभ रेटली नाही. आता तो गेला, म्हणजे उत्तरही गेलं, असं मी धरून चाललो होतो.

सभेनंतर चहा आला. सगळ्यांना कपबशा, मला कान तुटलेला वेगळा कप. तो तसाच ठेवून निघालो, तर दिगूच्या आईनं हाक मारली आणि त्याच्या खोलीत नेलं. कोपऱ्यात मातीची सुरई होती.

"ही त्याची," त्या म्हणाल्या. "शेजारच्या विहिरीवरून स्वतः भरून आणायचा. टाकी धुतली ना, त्या दिवसापासून आमचं पाणी तोंडाला लावलं नाही त्यानं. भाऊजींनी आदळआपट केली, तरी नाही. दुखण्यातसुद्धा नाही रे."

"मला कधी बोलला नाही."

"मी म्हटलं होतं, पास्कलला सांग. तर म्हणाला, सांगायला तोंड कुठाय मला?" त्यांनी सुरईवरचं झाकण सारखं केलं. "आता मी भरते रोज. रिकामी बघवत नाही."

मी पाणी मागितलं. त्यांनी दिगूच्याच पेल्यात ओतून दिलं. अर्धं पिऊन थांबलो. त्यांनी पेला माझ्या हातातून घेतला आणि न विसळता, दारातून काका बघत असताना, उरलेलं पाणी पिऊन टाकलं.