उंच लाटा मोजायच्या

"तुमच्या हृदयाचे ठोके मिनिटाला पस्तीसच्या आसपास पडताहेत," असं म्हणून डॉक्टरांनी कार्डिओग्रामची लांबलचक पट्टी टेबलावर उलगडली. आमच्या ह्यांनी ती नीट न्याहाळली आणि पहिला प्रश्न विचारला, "स्केल काय?"

मी कपाळाला हात लावला. हे बेलापूरच्या एका कचेरीत ड्राफ्ट्समन होते. नव्या शहराचे नकाशे काढणं हे त्यांचं काम. कुठलाही कागद हातात आला की आधी स्केल बघायचं, मग पुढचं. आदल्या दिवशी ऑफिसात ड्रॉइंग बोर्डावरच चक्कर येऊन पडले होते, तरी सवय काही सुटली नव्हती.

वाशीतलं ते छोटंसं हॉस्पिटल. ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. आमच्या शहराला तेव्हा न्यू बॉम्बे म्हणायचे, आणि नातेवाईक आम्हाला "तिकडे राहायला गेलात?" असं काळजीने विचारायचे. सेक्टरांना नंबर होते, पण घरं मोजकी. मधे नुसतं गवत आणि खाडीचा वारा. दवाखान्याच्या बाकावर बसलं की खिडकीतून मिठागरं दिसायची. मला ते दिवस आजही फार आवडतात, आजारपणासकट.

डॉक्टर तरुण होते. स्केलचा प्रश्न त्यांना आवडला असावा. "हा कागद सेकंदाला पंचवीस मिलिमीटर पळतो," ते म्हणाले. "एक मोठा चौकोन पाच मिलिमीटरचा. म्हणजे सेकंदाला पाच चौकोन, मिनिटाला तीनशे. दोन उंच लाटांमध्ये किती मोठे चौकोन आहेत ते मोजायचं आणि तीनशेला त्याने भागायचं. चार चौकोन असतील तर पंचाहत्तर. पाच असतील तर साठ." बोलता बोलता त्यांनी पेन्सिलीने उंच लाटांवर टिंबं दिली. मधे साडेआठ चौकोन होते.

आजाराचं नाव कम्प्लीट हार्ट ब्लॉक. ब्लॉक म्हटल्यावर मला वाटलं, रक्तवाहिनी बुजली. तसं नव्हतं. ठोका पडायला हृदयाला विजेचा बारीकसा इशारा लागतो, आणि त्या इशाऱ्याची वाट बंद झाली होती. औषधाने ती उघडण्यातली नव्हती. पेसमेकर बसवायला हवा, डॉक्टर म्हणाले. म्हणजे छातीत कातडीखाली एक बॅटरीचं यंत्र, जे हृदयाला इशारा देत राहतं. त्यासाठी पूल ओलांडून मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात जायचं होतं, आणि तेही लगेच.

"विचार करून सांगतो," हे म्हणाले, आणि पट्टी मागून घेऊन घरी आले.

त्यांना छातीत यंत्र नको होतं. मी रडले, भांडले, अबोला धरला. ढिम्म हलले नाहीत. मुलगी दुसरीत होती. ती शाळेत गेली की मी स्वयंपाकघरातून कान लावून बसायची, पडल्याचा आवाज येतो का म्हणून. आणि हे बाहेरच्या खोलीत पट्टी पसरून, कामाचं डिव्हायडर काढून, दोन टोकांच्या मापात लाटा पकडत बसलेले.

सारसोळ्याची मासेवाली भानूबाई दारात टोपली उतरवायची. तिने एकदा डोकावून विचारलं, "यो कंचा नकाशा हाय, सायब?"

"माझ्या काळजाचा," हे म्हणाले.

"मंग यान भरती कुठं हाय नि ओहोटी कुठं हाय?"

हे खो खो हसले, आणि हसता हसता दम लागून भिंतीला टेकले. ओठ पांढरे पडले होते. भानूबाईने माझ्याकडे पाहिलं आणि त्या दिवशी घासाघीस न करता बोंबील देऊन गेली.

त्याच संध्याकाळी ह्यांनी जाहीर केलं, "डॉक्टरांचं चुकलंय. चला, दाखवतो त्यांना."

मला लाज वाटत होती, पण निदान डॉक्टरांसमोर तरी जातायत म्हणून निघाले. ह्यांनी पट्टी टेबलावर ठेवली, डिव्हायडर लावलं. "हे बघा. लाटेपासून लाटेपर्यंत चार चौकोन. पट्टीभर तेच माप, कुठे केसाचाही फरक नाही. तीनशे भागिले चार, पंचाहत्तर. मी ठणठणीत आहे."

मला वाटलं, आता डॉक्टर भडकणार. ते भडकले नाहीत. खुर्ची ओढून ह्यांच्या शेजारी येऊन बसले.

"माप अगदी बरोबर आहे, कदम," ते म्हणाले. "पण तुम्ही ह्या लहान लाटा मोजल्यात. हृदयाला दोन मजले असतात. लहान लाट वरच्या मजल्याची, उंच लाट खालच्याची. वरून मिनिटाला पंचाहत्तर वेळा हुकूम सुटतोय, पण खाली पोचत एकही नाही. रक्त ढकलायचं काम खालच्या मजल्याचं. म्हणून ठोके मोजताना उंच लाटा मोजायच्या."

"आमच्या ऑफिससारखंच की," हे म्हणाले. मग जरा थांबून विचारलं, "हुकूम पोचत नाही, तर खाली हे पस्तीस कोण मारतंय?"

"खालचा मजला स्वतःच्या हिमतीवर चालवतोय. थकेल तेव्हा सांगून थांबणार नाही."

ह्यांनी डिव्हायडर मिटलं. "उद्या जाऊ," म्हणाले, आणि मला हुंदका आवरेना.

मुंबईत पेसमेकर बसला. नंतरच्या पट्टीत प्रत्येक उंच लाटेच्या आधी एक सरळ बारीक रेघ होती, ती यंत्राच्या इशाऱ्याची. मधले चौकोन आता मीसुद्धा मोजू शकत होते. हे पुन्हा बोर्डापुढे उभे राहिले. ज्यांच्या घरी असा आजार येईल त्यांना एवढंच सांगते, यंत्राला घाबरू नका. आम्हाला त्याने भरभरून वर्षं दिली.

ह्यांची ती फजिती मी हळदीकुंकवाला, लग्नात, गच्चीवर पापड घालताना, सगळीकडे रंगवून सांगायची. एवढा मापाचा माणूस, आणि चुकीच्या लाटा मोजल्या! हेही हसायचे.

मुलगी हायस्कुलात गेली त्या वर्षी एकदा आम्ही दोघं खाडीच्या बांधावर फिरायला गेलो होतो. हे सहज बोलावं तसं बोलले, "अगं, डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी उंच लाटांवर टिंबं दिली होती ना. मला दिसत होती ती."

"मग?"

"उंच मोजल्या की पस्तीस यायचे. लहान मोजल्या की पंचाहत्तर."

मी त्यांचा दंड धरून चालत राहिले. ज्याला मी हट्ट म्हणत होते ती भीती होती, आणि इतकी वर्षं तिच्यावर मी चारचौघांत हशा पिकवला होता. पट्टीवर पेन्सिलीची टिंबं डॉक्टरांच्याच हातची होती, त्यांना तर ह्यांची भीती तेव्हाच कळली असणार. तरी त्यांनी फक्त लाटांचंच बोलणं काढलं, घाबरलात का म्हणून विचारलं नाही. विचारलं असतं तर हे उठून निघून गेले असते.