मावशींची सही

नोंदणी कार्यालयाबाहेर झेरॉक्स काढून देणाऱ्या मावशींना लग्नाची कागदपत्रं तोंडपाठ होती. ऐन वेळी कुणाचा साक्षीदार आलाच नाही, तर त्या दुकान उघडं टाकून आत जायच्या आणि सही ठोकून यायच्या. अशी कितीतरी लग्नं त्यांनी मार्गी लावली. स्वतःच्या अडतीस वर्षांच्या लग्नाची नोंद मात्र राहूनच गेली होती. नवऱ्याच्या पेन्शनसाठी दाखला मागितला, तेव्हा कुठे ती आठवली.

ठरल्या दिवशी काकांना इस्त्रीचा सदरा घालायला लावून त्या आत गेल्या. कागद चोख होते. कारकुनाने अर्ज पुढे सरकवला आणि मावशींनी सवयीने साक्षीदाराच्या रकान्यात झोकदार सही केली.

"मावशी, आज तुम्ही वधू आहात," कारकून कपाळाला हात लावून म्हणाला.

"असू दे हो," काका म्हणाले. "संसारात मी काय काय सोसलं, त्याला हीच तर एकटी साक्षीदार आहे."

मावशींनी काकांकडे डोळे वटारले आणि नवा अर्ज मागून घेतला. वधूच्या रकान्याशी पेन टेकवताना मात्र त्या चक्क लाजल्या, आणि सही शाळकरी मुलीसारखी वाकडीतिकडी आली. कारकुनाने ती तशीच चालवून घेतली.